टबातलं धुणं आणि बेचाळीस किलोमीटर

गेल्या रविवारी पहाटे विट्याच्या रस्त्याला एका मैलाच्या दगडावर बसून मी चक्क रडले. वय वर्षं सेहेचाळीस, अंगात लेकीचा जुना टी-शर्ट, खाली सलवार, पायात बूट. ठरवलं होतं अठ्ठावीस किलोमीटर धावायचं, आणि एकोणिसाव्यालाच पोटरीत असा गोळा आला की पाय उचलेना. तेवढ्यात दुधाचे कॅन घेऊन चाललेली दोन पोरं गाडी थांबवून विचारायला लागली की काकू, रिक्षा बोलवू का. विचारलं चांगुलपणानंच असेल, पण जरा पुढे गेल्यावर ती हसली, ते मला ऐकू आलं.

घरी येऊन आरशात पाहिलं. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले. वाटलं, काय हे थेर चाललेत आपले! दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या डोंगरातली एकवीस किलोमीटरची शर्यत रडतखडत का होईना पुरी केली, तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही. लेकीने भरीला घातलं आणि येत्या जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉनला नाव दिलं. पूर्ण म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंचाण्णव मीटर. मैत्रिणींनो, आमच्या कराडहून पायी निघालं तर सातारा जवळ दिसायला लागेल एवढं अंतर!

रात्री लेकीचा फोन आला. मी नाव मागे घ्यायचं म्हटल्यावर ती काही बोलली नाही, फक्त एक फोटो पाठवला. धावणारा एक माणूस. मान एका खांद्यावर पडलेली, डोळे मिटत आलेले, जीभ बाहेर, चेहऱ्यावर अशी वेदना की बघवत नाही. मी विचारलं, बिचाऱ्याची दाढ दुखतेय का? तर म्हणाली, आई, दाढ नाही दुखत, अगं हा जिंकतोय!

त्या माणसाचं नाव एमिल झाटोपेक. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, पण हे नाव कधी कानावर आलं नव्हतं. मग सगळा आठवडा दुपारची झोप सोडून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत बसले. (आजोबांच्या वयाचा माणूस, पण वाचता वाचता इतका घरचा झाला की अहो-जाहो तोंडात येईना. तेव्हा तोच म्हणते.)

एमिलचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ चा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या कोप्रिवनित्से नावाच्या गावातला. वडील सुतार, घरात पोरंबाळं भरपूर आणि पैसा जेमतेम. शिक्षण पुढे न्यायची ऐपत नव्हती, म्हणून सोळाव्या वर्षाच्या सुमारास पोरगा झ्लिन गावी बुटांच्या कारखान्यात कामाला लागला. कारखाना कुठला ओळखा बरं? बाटाचा! आपण शाळेत खडू फासून पांढरे करायचो ते कॅनव्हासचे बूट ज्या बाटाचे, तीच कंपनी. तिचं मूळ गाव हे झ्लिन.

या मुलाला धावायची हौस होती असं समजू नका. १९४१ साली कारखान्याच्या शर्यतीसाठी काही मुलांची नावं घेतली गेली, त्यात याचं होतं. त्याने आधी सांगून पाहिलं की मी अशक्त आहे, मला जमायचं नाही. डॉक्टरने तपासून ठणठणीत ठरवलं. मग नाइलाजाने धावला आणि शंभर जणांत दुसरा आला. मला ही गोष्ट फार आवडली. आपल्याकडे खेळाडूंच्या गोष्टी नेहमी पाळण्यातल्या पायांपासून सुरू होतात. हा पठ्ठ्या डॉक्टरी सर्टिफिकेट घेऊन घरी बसू पाहत होता!

एकदा गोडी लागल्यावर मात्र तो स्वतःच स्वतःचा मास्तर झाला. त्या काळी लांब पल्ल्याचे धावपटू लांब आणि संथ धावून सराव करायचे. याने चारशे मीटर जोरात धावायचं, थोडं हळू धावत दम घ्यायचा, पुन्हा चारशे मीटर, असं सुरू केलं. दिवसाला वीस वेळा, पुढे चाळीस वेळा, आणि काही काळ तर शंभर वेळासुद्धा. लोक म्हणायचे, अरे तुला लांबचं पळायचंय, मग ही छोटी छोटी धाव कशाला? त्याचं म्हणणं साधं होतं. हळू पळायला मला येतंच, जे येत नाही ते शिकायला नको का? आज जगभर धावणारे हा सराव करतात. माझं वेळापत्रक लेकीच्या ओळखीच्या एका प्रशिक्षकाने आखून दिलंय, त्यातही दर बुधवारी चारशे-चारशे मीटर आहेतच. बुधवार आला की मला आठवड्याच्या बाजाराऐवजी तेच आठवतं.

झ्लिनला असताना कामावर जायच्या वाटेवर पॉपलरची झाडं रांगेने होती. एमिल श्वास रोखून पहिल्या दिवशी चौथ्या झाडापर्यंत जायचा, मग पाचव्या, असं वाढवत नेलं, आणि शेवटी एक दिवस चक्कर येऊन पडला. (हे मात्र कुणी करू नका.) महायुद्ध संपल्यावर तो सैन्यात राहिला. तिथे जड लष्करी बूट घालून बर्फातून, जंगलातून पळायचा. बर्फ आहे, थंडी आहे, मैदान नाही, ही कारणं त्याच्या गावीच नव्हती.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने दहा हजार मीटरचं सुवर्ण घेतलं आणि पाच हजारचं अगदी थोडक्यात हुकून रुपेरी मिळालं. त्याच ऑलिम्पिकला त्याच्या देशाकडून एक मुलगी भालाफेकीला होती. डाना. तिची जन्मतारीखही १९ सप्टेंबर १९२२! आपल्याकडे पत्रिका जुळवताना गुरुजी चाट पडले असते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोघांनी लग्न केलं.

आणि आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ती गोष्ट. कपडे धुवायची पाळी आली की एमिल न्हाणीघरातल्या टबात सगळे मळके कपडे टाकायचा, वर पाणी, साबण, आणि आपण आत उतरून त्या कपड्यांवर जागच्या जागी धावत सुटायचा. तास तास. हातात पुस्तक नाहीतर कानाशी रेडिओ. कपडे स्वच्छ, आणि सरावही झाला.

हे वाचलं आणि मला एकदम आमच्या सासूबाई आठवल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या दिवाळीच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या घेऊन कृष्णेच्या घाटावर जायच्या. लुगडं खोचून, पाण्यात उभं राहून त्या पायांनी गोधड्या तुडवायच्या. शेजारणीशी गप्पा चालू, पाय चालू. भिजलेली गोधडी किती जड होते ते जिने पिळलीय तिलाच ठाऊक. मी दोन गोधड्यांत बसकण मारायचे, त्या आठ करून घरी येऊन भाकरी थापायच्या. सासूबाईंना कुणी खेळाडू म्हटलं नाही. एमिलच्या टबाची गोष्ट मात्र जगभर सांगतात. मी त्यांना फोटो दाखवून ही गोष्ट सांगितली, तर त्यांचा पहिला प्रश्न, बायको काय करत होती मग? म्हटलं, भाला फेकत होती. बराच वेळ हसत होत्या.

त्याचा तो वेडावाकडा चेहराही तेव्हा चेष्टेचा विषय होता. पत्रकार लिहायचे की हा धावताना जणू मरायला टेकलाय, ही कसली शैली! तो हसून म्हणायचा की धावणं म्हणजे काही बर्फावरचं नृत्य नाही, दिसण्याला गुण मिळत नाहीत. जोरात धावायचं आणि छान हसायचं, दोन्ही एका वेळी मला जमत नाही. एकूण अठरा जागतिक विक्रम त्याने याच चेहऱ्याने केले.

१९५२ चं ऑलिम्पिक फिनलंडमध्ये हेलसिंकीला होतं. आम्हा कराडकरांना हेलसिंकी वेगळं सांगावं लागत नाही. जवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी २३ जुलै १९५२ ला तिथेच कुस्तीत ब्राँझपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. लोकांनी वर्गणी काढून त्यांना पाठवलं होतं, हे इथली जुनी माणसं अजून सांगतात. लहानपणापासून ऐकलेल्या त्या हेलसिंकीत त्याच आठवड्यात हा एमिलही पळत होता, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं!

तो तिथे पोचला हेच नशीब. एक तर काही आठवड्यांपूर्वी तो आजारी होता आणि डॉक्टरांनी शर्यतींना मनाई केली होती. दुसरं म्हणजे निघायच्या वेळी वेगळंच प्रकरण उद्भवलं. स्टानिस्लाव युंगविर्थ नावाच्या त्याच्या सहकाऱ्याचे वडील राजकीय कैदी होते, म्हणून सरकारने त्या मुलाला संघातून वगळलं. एमिल म्हणाला, तो नाही तर मीही नाही. कम्युनिस्ट राजवट, हा स्वतः लष्करातला अधिकारी. असं बोलणं म्हणजे काय होतं याची कल्पना करा. विमान त्या दोघांना न घेताच गेलं. ते मधले दिवस डानाने कसे काढले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. शेवटी सरकार नमलं आणि दोघंही हेलसिंकीला पोचले.

२० जुलैला त्याने दहा हजार मीटर जिंकलं, २४ ला पाच हजार. तो पदक घेऊन येतो तोच डानाची भालाफेक सुरू व्हायची होती. तिने शुभशकुन म्हणून त्याचं पदक आपल्या पिशवीत टाकलं आणि पहिल्याच फेकीत पन्नास मीटर सत्तेचाळीस सेंटिमीटर! नवराबायको, एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने, दोघांनाही सुवर्ण. नंतर एमिलने पत्रकारांसमोर गंमत केली की माझ्या पदकाने तिला स्फूर्ती दिली. डानाने लगेच सुनावलं की मग दुसऱ्या एखादीला दे स्फूर्ती आणि बघ तिचा भाला पन्नास मीटर जातो का! त्यावर हा म्हणाला, घरात दोन विरुद्ध एक म्हणजे फारच चुरस झाली, आता मला मॅरेथॉनही धावावी लागणार.

आणि खरंच उतरला. आयुष्यात एकदाही मॅरेथॉन न धावलेला माणूस, आठवड्यात दोन अंतिम शर्यती आणि पाच हजारची पात्रता फेरी झालेली, आणि २७ जुलैला बेचाळीस किलोमीटरला उभा!

इथे जरा थांबते, कारण एक गोष्ट मनाला टोचली. डानाला हे करता आलं असतं का? नाही. हेलसिंकीत बायकांसाठी धावण्याची सर्वांत लांब शर्यत होती दोनशे मीटरची. १९२८ साली बायकांना आठशे मीटर धावू दिलं, त्या थकल्या म्हणून गवगवा झाला आणि ती शर्यतच काढून टाकली, ती १९६० ला परत आली. एमिल धापा टाकत जीभ काढून पळाला तर त्याची जिद्द, बाई धापा टाकते म्हटल्यावर शर्यतच बंद! आपल्या मुंबईची मेरी डिसोझा त्या हेलसिंकीत शंभर आणि दोनशे मीटर धावली. त्यापुढचं अंतर तिच्यासाठी नव्हतंच. बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये आली १९८४ साली. म्हणजे मी तेव्हा जन्मले होते! आजीच्या जमान्यातली बंदी वगैरे म्हणून सोडून देता येत नाही.

तर मॅरेथॉन. अंतर किती वेगाने कापायचं हेच एमिलला माहीत नव्हतं. मग त्याने काय केलं? ज्याला येतं त्याला धरलं. इंग्लंडचा जिम पीटर्स हा तेव्हाचा सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटू, दीडच महिन्यापूर्वी त्याने दोन तास वीस मिनिटं बेचाळीस सेकंदांत शर्यत पुरी केली होती. एमिलने सुरुवातीच्या रेषेवरच त्याला आपली ओळख करून दिली. नव्या सुनेने स्वयंपाकघरात थोरल्या जावेच्या मागे मागे राहावं, तसा तो या पीटर्सच्या मागे राहिला.

पीटर्स सुसाट निघाला. काही किलोमीटरनंतर एमिल आणि स्वीडनचा यान्सन त्याच्या बरोबरीला आले. तिथे एमिलने त्याला विचारलं की हा वेग जास्त होतोय का? पीटर्स दमला होता, पण कबूल कसं करणार? त्याने सांगितलं की उलट, हळू चाललंय. एमिलने पुन्हा विचारून खात्री केली आणि बरं म्हणून वेग वाढवून पुढे निघून गेला! पीटर्सला पुढे बत्तीस किलोमीटरच्या आसपास गोळे आले आणि त्याने शर्यत सोडली. इतका अनुभवी माणूस, त्यालाही गोळे. हे वाचून मला मैलाच्या दगडाची लाज जरा कमी वाटली, खोटं कशाला सांगू.

वाटेत यान्सनने लिंबू घेतलं. एमिल पाहत राहिला. म्हणतात की त्याने मनाशी ठरवलं, लिंबाने याला बळ आलं तर पुढच्या ठिकाणी आपण दोन घ्यायची. पण यान्सनच मागे पडायला लागला, मग याने लिंबाचा नाद सोडला. नंतरचे दहा-बारा किलोमीटर तो एकटा होता. कडेच्या पोलिसांशी, सायकलवाल्यांशी, छायाचित्रकारांच्या गाडीशी गप्पा मारत होता. पायांचं काय होत होतं ते चेहऱ्यावर दिसत होतंच.

मैदानात शिरला तेव्हा सगळं स्टेडियम एका ताला-सुरात त्याचं नाव घेत होतं. दोन तास तेवीस मिनिटं तीन सेकंद. ऑलिम्पिक विक्रम. दुसरा आलेला अर्जेंटिनाचा गोर्नो अडीच मिनिटांनी आला, तेव्हा एमिल त्याच्या स्वागताला हजर होता. जमैकाच्या रिले संघातल्या धावपटूंनी त्याला खांद्यावर घेऊन फेरी मारली. पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णं एकाच ऑलिम्पिकमध्ये, हे त्याच्यानंतर आजवर कुणालाच जमलेलं नाही. पण नंतर आठवडाभर त्याला धड चालता येत नव्हतं, हेही त्यानेच सांगून ठेवलंय. जिन्यावरून उलटं उतरणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी ही माहिती मोलाची आहे.

चार वर्षांनी मेलबर्नला तो पुन्हा मॅरेथॉनला उभा राहिला. त्याआधी डानाला खांद्यावर घेऊन पळायचा सराव करताना हर्निया झाला (आता बोला!), शस्त्रक्रिया झाली, आणि दीड-दोन महिन्यांत हा शर्यतीला. सहावा आला. पहिला आला फ्रान्सचा अलँ मिमूँ, ज्याला एमिलने याआधी ऑलिम्पिकमध्ये तीनदा दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं होतं, आणि ती मिमूँची पहिलीच मॅरेथॉन होती. जिंकल्यावर मिमूँ सत्कार बाजूला ठेवून एमिलची वाट पाहत उभा राहिला. एमिल आला, त्याला सलाम केला आणि दोघांनी मिठी मारली. मला विचाराल तर हेलसिंकीच्या सोन्यापेक्षा हा सहावा नंबर मला जास्त आवडतो.

पुढचं आयुष्य सुखाचं गेलं म्हणावं तर तसं नाही. १९६८ मध्ये देशात मोकळं वारं वाहू लागलं तेव्हा एमिल उघडपणे त्या बाजूने उभा राहिला. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हा रस्त्यावर उतरून बोलला. त्याची किंमत मोजावी लागली. सैन्यातलं पद गेलं, पक्षातून हकालपट्टी झाली, आणि जमिनीत भोकं पाडून पाण्याचा नाहीतर खनिजांचा शोध घेणाऱ्या तुकडीत मजुरी करत तो गावोगाव फिरला. राहायला चाकांवरची खोली. डाना प्रागला, हा कुठेतरी रानात. काही वर्षांनी त्याने आपली आधीची भूमिका मागे घेणारी विधानं केली, आणि त्याबद्दल त्याच्याच देशात अनेकांनी त्याला माफ केलं नाही. युंगविर्थसाठी विमान सोडणारा माणूस तो हाच का, असं मलाही वाटलं. पण ती वर्षं एकेकट्याने काढल्यावर माणसाचं काय होतं हे घरी बसून मी कसं ठरवू? राजवट बदलल्यावर १९९० मध्ये त्याचा मान परत मिळाला. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला.

डाना मात्र खूप जगली. १९५८ साली पस्तिसाव्या वर्षी तिने भालाफेकीचा जागतिक विक्रम केला, १९६० ला रोममध्ये रुपेरी पदक घेतलं तेव्हा अडतिसावं संपत आलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये, सत्त्याण्णव वर्षांची होऊन ती गेली.

आणखी एक राहिलंच. रॉन क्लार्क हा ऑस्ट्रेलियाचा धावपटू, विक्रमांवर विक्रम केले पण ऑलिम्पिकचं सुवर्ण कधी मिळालं नाही. १९६६ मध्ये तो प्रागला आला होता. परत जाताना एमिलने विमानतळावर त्याच्या हातात एक छोटंसं पुडकं ठेवलं. क्लार्कला वाटलं, काहीतरी गुपचूप देशाबाहेर न्यायचं असेल. नंतर उघडून पाहिलं तर आत १९५२ चं दहा हजार मीटरचं सुवर्णपदक. ते त्याने क्लार्कला देऊनच टाकलं होतं.

परवा मी बचत गटाच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. हिशेबाची वही बाजूलाच राहिली. दोघीतिघींनी विचारलं की बुधवारच्या चारशे मीटरला आम्ही आलो तर चालेल का, फक्त साडीवर येऊ. म्हटलं, तो लष्करी बूट घालून पळत होता, तुम्ही साडीवर या.

उद्या रविवार. पुन्हा अठ्ठावीस किलोमीटर, पुन्हा विट्याचाच रस्ता. पोटरीसाठी फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिलेत, ते सहा दिवस केलेत. हे पहाटे साडेचारला स्कूटर काढणार आहेत, पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे मागे यायला. आत्ताच स्वयंपाकघरातून विचारत होते, लिंबू चिरून घेऊ का. घ्या म्हटलं, आणि एक नको, दोन घ्या.